बारा मेचं पान

"शिक्का कपाटात हाय," चोपडेकाका म्हणाले.

"मग काढा ना."

"किल्ली जगदाळेकडं हाय."

"जगदाळे कुठे आहेत?"

"रजेवर. मेव्हणीचं लग्न हाय त्यांच्या."

"येणार कधी?"

"लग्न झालं की येतील की, ताई! तिथंच थोडीच राहत्यात?"

माझ्या इंटर्नशिपचा तो सव्विसावा दिवस होता आणि जीव अगदी मेटाकुटीला आला होता. मी तेव्हा तालुक्याच्या कॉलेजात गुन्हेगारीशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला होते. आमच्या बाईंनी फतवा काढला होता की, प्रत्येकाने उन्हाळ्याच्या सुटीत सलग तीस दिवस, रविवारसुद्धा न सोडता, पोलीस ठाण्यात नाहीतर कोर्टात काढायचे आणि 'फौजदारी न्यायव्यवस्था जवळून पाहायची'. रोज एका वहीत लिहायचं आणि त्या पानावर त्याच दिवशी तिथल्या अधिकाऱ्याची सही आणि शिक्का घ्यायचा. एक पान जरी बिनशिक्क्याचं राहिलं तरी प्रमाणपत्र नाही, आणि प्रमाणपत्र नाही तर निकाल राखून ठेवणार. वहीच्या प्रत्येक पानावर मथळा छापलेला होता: 'आज काय शिकलो?'

काय शिकले होते मी? टपालाला भोकं कशी पाडायची आणि त्यातून दोरी कशी ओवायची, हे शिकले होते. झेरॉक्सवाल्याकडे दुपारी एक ते चार जाण्यात अर्थ नसतो, हे शिकले होते. पहिला आठवडा मी मन लावून लिहिलं, 'तक्रारदाराशी संवाद कसा साधावा' वगैरे. साहेब, म्हणजे ठाण्याचे निरीक्षक, फोनवर बोलता बोलता वहीकडे न बघता सही करायचे आणि चोपडेकाका शिक्का हाणायचे. मग माझ्या डोक्यात तिडीक गेली. एकोणिसाव्या दिवशी मी लिहिलं, 'साहेबांच्या टेबलावरची फुलं प्लॅस्टिकची आहेत, हे आज समजले.' सही झाली. बाविसाव्या दिवशी लिहिलं, 'आज भिंतीवर एकूण सात पाली मोजल्या.' सही झाली, शिक्काही बसला. हे वाचत कोणी नाही याची खात्री झाल्यावर मी ती वही म्हणजे माझा राग काढायची जागाच करून टाकली.

चोपडेकाका हवालदार होते. निवृत्तीला चार वर्षं राहिलेली, पोट पट्ट्याच्या बाहेर आलेलं, स्वभाव तसा मायाळू. मला त्यांच्या गळ्यात बांधलं होतं आणि त्यांनाही माझं ओझंच वाटत असणार, पण कधी बोलून दाखवलं नाही. त्या दिवशीही ते म्हणाले, "चिडू नका. डबा खाऊन घ्या. संध्याकाळपत्तुर काहीतरी निघंल."

डबा खायला बसायचं कुठे, हा रोजचा प्रश्न. बाकावर दोन भाऊबंदकीवाल्या पार्ट्या एकमेकांकडे पाठ करून बसल्या होत्या. मागच्या आवारात लिंबाखाली निळ्या रंगाची पाण्याची मोटार पडली होती, सकाळीच कोणीतरी आणून टाकलेली. विहिरीवर असते तसली, चांगली जाडजूड. तिच्या अंगावर पांढऱ्या रंगात 'ग्रा. पं. तांबेझरी' असं लिहिलं होतं. मी रुमाल अंथरला, तिच्यावर बसले आणि डबा उघडला.

दोन घास खाल्ल्यावर लक्षात आलं की समोर कोठडीची मागची जाळी आहे आणि जाळीमागे एक माणूस उभा आहे. पस्तिशीचा असेल. हाताची बोटं ग्रीसनं काळी पडलेली. तो माझ्याकडे बघत होता. मला ओशाळल्यासारखं झालं आणि मी पाठ फिरवून उरलेला डबा संपवला.

"तो कोण हो, काका?" मी नंतर विचारलं.

"लिंबराज कोळपे. मोटारी दुरुस्त करतो, मिस्त्री हाय. तांबेझरीच्या विहिरीवरची मोटार गेली ना चोरीला, त्याच्यावर संशय हाय."

"अटक केलीय?"

"न्हाई अजून. बसवलाय नुसता."

कोठडीत कुलूप लावून बसवलेला माणूस अटकेत नसतो, हेसुद्धा त्या ठाण्यात शिकण्यासारखंच होतं. पण मला तेव्हा पडली होती शिक्क्याची.

चार वाजता कळलं की कपाटाला कुलूपच नव्हतं. दार नुसतं घट्ट बसलं होतं. चोपडेकाकांनी एक लाथ घातली आणि ते उघडलं. सकाळपासून मी ज्या किल्लीसाठी जगदाळेंच्या मेव्हणीला शिव्या देत होते, तिची गरजच नव्हती! मी कपाळावर हात मारला. त्या तणतणीत वही उघडली, बारा मेच्या पानावर काय सुचेल ते खरडलं आणि साहेबांपुढे धरलं. साहेब फोनवर होते. सही झाली, शिक्का बसला.

दोन दिवसांनी, चौदा तारखेला, काकांनी मला आतल्या खोलीत हाक मारली. टेबलावर चार-पाच कागद होते. बाहेरचा चहावाला उमराव पदराला पुसावे तसे शर्टाला हात पुसत सही करत होता. त्याला हे नवीन नव्हतं. आमच्या ठाण्याच्या निम्म्या पंचनाम्यांवर पंच म्हणून उमरावच असायचा.

"सुकेशिनीताई, एक सही पायजे," काका म्हणाले. "पंच नंबर दोन. तुमच्यासारखी शिकलेली पंच असली म्हंजे कोर्टात वजन पडतं. न्हाईतर रोज आपला हा उमराव."

उमराव हसला आणि चहाची किटली उचलून निघून गेला. मी कागद ओढून घेतला. वाचायची सवय, त्याला काय करणार?

"काका, यात लिहिलंय, 'आरोपीने आम्हां पंचांसमक्ष स्वखुशीने सांगून, आम्हांस सरकारी जीपने ओढ्याकाठी नेऊन, झुडपात लपवलेली मोटार काढून दिली.'"

"मग?"

"मी ओढ्याकाठी गेलेच नाही."

"उमराव तरी कुठं गेलाय? त्याच्या शेगडीवर दूध होतं."

"अहो, पण मग गेलं कोण?"

"ताई," काकांनी खुर्ची जवळ ओढली. "हे असंच असतंय. पंच भेटत न्हाईत. लोकं पोलीस बघितलं की रस्ता बदलत्यात. भेटला तर कोर्टात येत न्हाई. मग काय करावं? काम अडवून ठिवावं? तिकडं गाव पाण्यावाचून तडफडायलंय. मोटार लवकर सोडवून विहिरीवर बसवायची, तर कागद पुरा व्हायला पायजे."

"पण या माणसानंच चोरली का?"

"त्याच्याबिगर दुसरा मोटार उचकटणारा तालुक्यात हाय कोण?"

मी पुन्हा कागद वाचू लागले. मग त्यांनी सहज सांगावं तसं सांगितलं, "परवा तुमचं प्रमाणपत्र टाईप करायचं हाय. साहेब म्हणाले, पोरगी कामाची हाय, चांगलं लिहू."

खोलीच्या कोपऱ्यात लिंबराज उकिडवा बसला होता. कागदावर त्याचा अंगठा आधीच उमटलेला होता. मी त्याच्याकडे पाहिलं, त्यानं माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, अठ्ठावीस दिवस या शिक्क्यासाठी नाकी नऊ आलेत, आता दोन दिवसांसाठी कुठे वाकडं घ्यायचं? कोर्ट आहे, वकील आहेत, ते बघतील काय ते.

मी सही केली. संध्याकाळी वहीत लिहिलं, 'आज पंचनाम्याची कार्यपद्धती प्रत्यक्ष पाहिली.' महिन्याभरात मी वहीत लिहिलेलं ते सगळ्यात शहाण्यासारखं वाक्य होतं. साहेबांनी सही केली. तिसाव्या दिवशी प्रमाणपत्र मिळालं, त्यात 'जिज्ञासू व सहकार्यशील' असे शब्द होते. कॉलेजात बाईंनी वहीच्या मागच्या पानावर 'निरीक्षण उत्तम' असा शेरा मारून ती परत दिली. सात पाली त्यांनीही वाचल्या नव्हत्या.

चौदा महिन्यांनी चोपडेकाका समन्स घेऊन स्वतः आमच्या घरी आले. घरात तेव्हा आनंदीआनंद होता. मी फौजदाराच्या परीक्षेत पास झाले होते, मुलाखतही झाली होती, यादीत नाव लागलं होतं. आण्णांनी गल्लीत पेढे वाटले होते. आता फक्त चारित्र्य पडताळणी राहिली होती, आणि ती करणार होतं आमचंच ठाणं.

"मोटारीची केस उभी राहिलीय," काका आईनं दिलेला पेढा खात म्हणाले. "गुरुवारी तुमची साक्ष. काय न्हाई, सही माझीच हाय म्हणायचं आन् यायचं."

"लिंबराज कोळपेची?" तो माणूस मी जवळजवळ विसरूनच गेले होते. "तो तर सुटला असेल ना केव्हाच."

"सुटतोय कुठला! त्याला जामीन मिळाला, पण जामीनदार कोण राहणार? भर उन्हाळ्यात गावचं पाणी तोडलं म्हणून सगळं गाव खवळलेलं. एक माणूस उभा राहिना. हाय आतच."

"चौदा महिने?"

"व्हय की. उमरावची साक्ष झाली मागच्या तारखेला. चांगली दिली त्यानं."

काका गेल्यावर मी माळ्यावरची पेटी काढली आणि ती वही शोधली. मला नुसती तारीख पाहायची होती. चौदा मेचं पान पाहिलं, मग मागची पानं चाळली. बारा मेचं पान दोनदा वाचलं आणि पेटीवरच बसून राहिले. आई विचारत होती काय झालं म्हणून. काही नाही, म्हणाले. गुरुवारी निघताना वही पर्समध्ये टाकली. ती बाहेर काढायची की नाही, हे कोर्टाच्या पायऱ्या चढेपर्यंत ठरलेलं नव्हतं.

पायऱ्यांवर काका वाटच बघत होते. मला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाले, "तुमच्या पडताळणीचा कागद साहेबांच्या टेबलावर हाय. आज साक्ष झाली की सायंकाळी सही करून वर पाठवतो म्हणालेत. दोन मिनिटाचं काम हाय. घाबरू नका."

धमकी देत होते असं मला तेव्हाही वाटलं नाही. ते मनापासून माझी सोय बघत होते, आणि त्याचाच मला जास्त राग आला.

आत लिंबराज आरोपीच्या जागेवर उभा होता. ओळखू येईना इतका वाळला होता. बोटांवरचं ग्रीस गेलं होतं. मी शपथ घेतली. सरकारी वकिलांनी पंचनामा माझ्यापुढे धरला.

"ही सही तुमची?"

"हो, माझी."

"आरोपीने तुमच्यासमक्ष ओढ्याकाठच्या झुडपातून मोटार काढून दिली, हे खरं?"

काका दाराशी उभे राहून मानेनंच 'हो' म्हणत होते.

"नाही," मी म्हणाले. "मी ओढ्याकाठी गेले नव्हते. सही ठाण्यात बसून केली."

सरकारी वकिलांच्या हातातला कागद खाली आला. "साहेब, साक्षीदार फितूर झाली आहे. उलटतपासणीची परवानगी मिळावी."

न्यायाधीश वयस्कर होते. सकाळपासूनच्या पुकाऱ्यांनी आधीच वैतागलेले दिसत होते. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "बाई, पंच फितूर होणं आम्हाला नवीन नाही. आरोपीकडून कोणी भेटलं होतं का तुम्हाला?"

"नाही साहेब. माझ्याकडे एक वही आहे."

"कसली वही?"

"इंटर्नशिपची. मी त्या ठाण्यात शिकायला होते. रोज लिहायचं आणि त्याच दिवशी सही-शिक्का घ्यायचा, असा नियम होता."

"बारा-चौदा महिन्यांपूर्वीच्या वहीचं इथं काय?"

"बारा मेचं पान वाचू का?"

त्यांनी वही मागून घेतली, पान पाहिलं, भुवया वर केल्या आणि ती मला परत दिली. "मोठ्यानं वाचा."

मी वाचलं. "'आज काहीही शिकले नाही. ज्या कपाटाची किल्ली सकाळपासून शोधली, त्याला कुलूपच नाही. ठाण्याच्या मागे लिंबाखाली ग्रा. पं. तांबेझरी असे लिहिलेली निळी मोटार आली आहे. बाकावर जागा नसल्याने तिच्यावर बसून डबा खाल्ला. मेथीची भाजी होती.'"

मागे कोणीतरी फिसकन हसलं. न्यायाधीश हसले नाहीत.

"खाली सही कोणाची?"

"ठाण्याच्या साहेबांची. सहीखाली त्यांनी तारीखही घातलीय, बारा मे."

"आणि वकीलसाहेब, तुमच्या पंचनाम्यानुसार हीच मोटार ओढ्याकाठच्या झुडपातून निघाली ती तारीख?"

सरकारी वकिलांनी कागद उगाचच उलटून पाहिला. "चौदा मे, साहेब."

पण ते वकील मुरलेले होते. त्यांनी वही हातात घेतली आणि दोन पानं पुढे उलटली. "चौदा तारखेला तुम्ही लिहिलंय, 'पंचनाम्याची कार्यपद्धती प्रत्यक्ष पाहिली.' हे अक्षर तुमचंच?"

"हो."

"यावरही तोच शिक्का. म्हणजे तुम्ही एक दिवस खरं लिहिता आणि एक दिवस खोटं. कोर्टानं कोणतं पान खरं मानायचं?"

"बारा तारखेचं."

"का?"

"बारा तारखेला मी चिडलेली होते, मला कोणाकडून काही नको होतं. चौदा तारखेला मला प्रमाणपत्र हवं होतं."

न्यायाधीशांनी लिहिणं थांबवलं. "खोट्या पंचनाम्यावर सही केल्याचं तुम्ही शपथेवर कबूल करताय. याचे तुमच्यावर काय परिणाम होऊ शकतात, कळतंय ना?"

"कळतंय, साहेब."

"तेव्हा कळलं नाही?"

न्यायाधीशांनी त्या पानांची प्रत नोंदीला घेतली आणि वही मला परत द्यायला सांगितलं.

बाहेर आले तर काका कपाळाला हात लावून उभे होते. "अवो, पंचवीस वर्षांत असली वही कुणी वाचली न्हाई," ते कळवळून म्हणाले, "आन् तुम्ही कोर्टात वाचून दाखवली! आता तुमच्या पडताळणीचं काय करू मी?" आणि चिडून तरातरा निघून गेले.

पुढचं थोडक्यात सांगते. तीन आठवड्यांनी लिंबराज निर्दोष सुटला. मोटार खरी कोणी चोरली, ते शेवटपर्यंत कळलं नाही. माझ्या पडताळणीच्या कागदावर जो शेरा यायचा तो आला आणि मी फौजदार झाले नाही. त्यावरून आण्णा वर्षभर माझ्याशी धड बोलले नाहीत. मी वकिली शिकले, आता विधी सेवा केंद्रात गरिबांचे खटले चालवते. कॉलेजची मुलं माझ्याकडे इंटर्नशिपला येतात. सतरा वर्षं झाली तरी त्या वह्या तशाच आहेत, मथळासुद्धा तोच. संध्याकाळी मुलं सहीसाठी रांग लावतात आणि मी एकेक पान पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत वाचत बसते. त्यांच्या बसची वेळ होते, ती चुळबुळतात, मागे उभी असलेली एखादी म्हणतेच, "मॅडम, नुसती सही हवी होती." मी वाचत का बसते, ते त्यांना सांगत नाही. मुलांना वाटतं की वहीमुळे एक माणूस सुटला, म्हणून मॅडमना वह्यांचं एवढं कौतुक. तसं नाही ते.

त्या गुरुवारी काका निघून गेल्यावर मी व्हरांड्यातल्या बाकावर बसले होते. खरं सांगायचं तर आतून बरं वाटत होतं. नोकरी गेली तर गेली, आपण एका माणसाला वाचवलं, असं मनात येत होतं. तेवढ्यात दोन शिपाई लिंबराजला घेऊन बाहेर आले. गाडी यायची होती, म्हणून त्याला माझ्या शेजारच्याच बाकावर बसवलं.

"सुटाल तुम्ही आता," मी म्हणाले.

त्यानं मान हलवली.

"ताई, मेथी होती व्हय?" त्यानं विचारलं. "मला वास आलता."

"हो," मी म्हणाले.

"तुमी मोटारीवर बसून जेवत होता तवा मी जाळीमागं होतो. दोन दिवसांनी तुमाला सहीला बोलावलं, तवा मला लई धीर आला बगा." तो अगदी शांतपणे बोलत होता, जणू दुसऱ्या कोणाची हकिगत सांगत होता. "म्हटलं, ही पोरगी शिकलेली हाय, मोटारीवर बसून जेवलीय. ही सांगंल."

गाडी आली. शिपाई म्हणाला, "चल रे." लिंबराज उठला, दोन पावलं गेला आणि माझ्याकडे वळला.

"सांगितलं तुमी," तो म्हणाला. "चवदा महिने लागले, पर सांगितलं."

मी वही पर्समध्ये घातली आणि गाडी फाटकाबाहेर जाईपर्यंत तिथेच बसून राहिले.